पाण्याचे डोळे, कॉफीचे डोळे

सांता मारिया, एस्पिरितो सांतो
१४ मार्च १९८७

प्रिय अल्विना,

आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. ‘शाळेच्या कामातून वेळ झाला नाही’ असं लिहून झालं होतं, पण तो कागद फाडून टाकला. जी बाई रोज वहीत पानभर स्वतःशीच बोलत बसते, तिला सख्ख्या बहिणीला लिहायला वेळ नव्हता, हे कोण खरं मानेल? लिहायला बसायचे, ‘प्रिय अल्विना’ एवढं व्हायचं आणि हात थांबायचा. तूर्त एवढ्यावर भागव.

इकडे यंदा आल्याचं पीक बरं आहे. नदीकाठी आलं धुणाऱ्या बायकांचा कलकलाट शाळेपर्यंत ऐकू येतो. आपल्या जुन्या घरात आता टेश नावाचं कुटुंब राहतं. त्यांनी कॉफी वाळवायचं खळं उकरून तिथे कोबी लावलाय. मी वळणावर उभी राहून बघितलं आणि तशीच मागे फिरले. आत जाऊन काय बोलणार होते?

गेल्या शनिवारी लग्नाचा बोलावणेकरी आला होता. आपल्या वेळी घोड्यावर यायचे, हा मोटरसायकलवर. पाठीवर रंगीत रिबिनी, हातात बाटली. अंगणात उभं राहून सगळं आमंत्रण त्याने न अडखळता म्हटलं. मी घोटभर घेतली, त्याच्या पाठीला एक हिरवी रिबीन टोचली. मग त्याने विचारलं, “मास्तरीणबाई, तुमच्या घरची किती माणसं धरू?” मी म्हटलं, “एक.” तो म्हणाला, “एक तर एक, पण नाचायला या.” पोरगा चांगला आहे. तो गेल्यावर मात्र मी बराच वेळ दारातच उभी होते. तुला जाऊन तेरा वर्षं झाली, अल्विना. तुझी मुलगी बारा वर्षांची झाली आणि मी तिला फक्त एका फोटोत पाहिलंय. त्यातही ती उन्हाने डोळे मिटून उभी आहे.

झेनी आता कितवीत आहे? काय वाचते? तिचं सविस्तर लिही.

तुझी,
हुल्दा

*

एस्पिगाओ, रोंदोनिया
१८ एप्रिल १९८७

प्रिय हुल्दा,

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखं झेनीने वाचलं, मी ऐकलं. आता मी सांगते आणि ती लिहिते. मी आपल्या घरच्या जर्मन बोलीत सांगते, ही पोर्तुगीजमध्ये उतरवते. मध्ये काय गाळते ते देवाला ठाऊक. (काही गाळत नाही मावशी. – झेनी)

आठ नाही, नऊ महिने झाले. मला वाटलं, तू मेलीस. बेर्तोल्दो म्हणाला, “मेली असती तर पाद्र्याने कळवलं असतं.” नवरा असा धीर देतो. तू हात थांबला म्हणतेस. शिकलेल्या माणसांचे हात थांबतात, आमचे थांबले तर कोंबड्या उपाशी मरतील. हे लिहू नकोस गं. (आई म्हणाली लिहू नकोस, पण तोवर लिहून झालं होतं.)

इथे पाऊस संपत आला. आता लाल धूळ, मग जंगल जाळायचा धूर. खळ्यावर कोबी लावला हे वाचून मी झेनीला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मला अजून त्या घराच्या मागच्या पायऱ्या स्वप्नात येतात. इथे सगळं सपाट आहे. चढायला काही नाही, म्हणून उतरायलाही नाही.

तू झेनीचं विचारलंस. तर ऐक. जुलैच्या सुट्टीनंतर मी तिला शाळेत पाठवणार नाही. तिच्या बाईंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, “हिला फळ्यावरचं दिसत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवते.” मी म्हटलं, “दिसणार कसं? डोळे बघा की तिचे.” बाई इथल्या नाहीत, उत्तरेकडच्या आहेत, काळ्याभोर डोळ्यांच्या. त्यांना काय कळणार? तुला कळेल. हिचे डोळे माझ्यासारखेच आहेत, बाबांचे, निळे, पाण्याचे. पाण्याच्या डोळ्यांना पुस्तक सोसत नाही. मला अकराव्या वर्षी घरी बसवलं, म्हणून माझे आजवर टिकले. मी अजूनही कागद डोळ्यांजवळ धरत नाही, दुपारी खिडक्या लावून घेते. हिचेही टिकायला हवेत. पुढे संसार करायचाय, नवऱ्याचं तोंड तरी दिसायला हवं. बेर्तोल्दो म्हणाला, “ते न दिसलं तर संसार जास्त टिकतो.”

तब्येतीला जप. तुझे कॉफीचे डोळे आहेत म्हणून रात्रंदिवस वाचत बसू नकोस.

अल्विना

मावशी, आई बाहेर कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आहे म्हणून घाईत लिहिते. मला पुस्तकातलं सगळं दिसतं. अगदी बारीक अक्षरसुद्धा. फक्त फळा दिसत नाही. तू आईला समजाव. पण मी लिहिलं असं पत्रात म्हणू नकोस, कारण तुझं पत्र मलाच वाचून दाखवावं लागतं आणि मला मनाचं वाचता येत नाही, लगेच हसू येतं. – झेनी

*

सांता मारिया
६ मे १९८७

प्रिय अल्विना,

तुझं पत्र काल आलं. चार वेळा वाचलं. उत्तर लगेच लिहिते आहे, कारण जुलै लांब नाही.

झेनीला शाळेतून काढू नकोस. मी बहीण म्हणून सांगते की मास्तरीण म्हणून, ते माझं मलाच कळत नाही. पण ऐक. मध्ये मी शाळेच्या कामाने व्हितोरियाला गेले होते, तेव्हा तिथल्या डोळ्यांच्या एका डॉक्टरांना मी विचारलं. म्हटलं, आमच्या डोंगरात मानतात की फिक्या डोळ्यांना वाचन सोसत नाही, हे खरं का? ते म्हणाले, “बाई, खिडकीचा पडदा पातळ असला की ऊन जास्त आत येतं. निळ्या डोळ्यांचं तेवढंच असतं. उन्हात त्रास होणार, टोपी घालायला हवी. पण खिडकीतून लांबचा डोंगर धूसर दिसत असेल, तर तो दोष पडद्याचा नाही. त्याला चष्मा लागतो.” मी विचारलं, वाचून डोळे झिजतात का? ते म्हणाले, “चालून रस्ता झिजतो तेवढे.”

झेनी तुला माझी पत्रं वाचून दाखवते. म्हणजे जवळचं तिला दिसतंच ना? हा विचार कर. मला दुसऱ्या कुणी काही सांगितलेलं नाही, तुझ्याच पत्रावरून म्हणते.

आणि एक. तिकडे डॉक्टर नसेल, चष्मा मिळत नसेल, तर झेनीला माझ्याकडे पाठव. मागची खोली रिकामी आहे. खिडकी उत्तरेला आहे, दिवसभर ऊन येतं, पण मी जाड पडदा शिवेन. चौथ्या रांगेतून दिसलं नाही तर पहिल्या रांगेत बसेल, वर्गावर मीच आहे. दर डिसेंबरला तुझ्याकडे येईल. हे लिहिताना मला भीती वाटते आहे की यात झेनीचं भलं किती आणि माझं रिकामं घर किती. दोन्ही आहे, असं प्रामाणिकपणे लिहून टाकते.

हुल्दा

*

एस्पिगाओ
२ जून १९८७

हुल्दा,

पत्र मिळालं.

एकदा बाबांनी आपल्या दोघींतून एकीला निवडलं. तू गेलीस, शिकलीस, मास्तरीण झालीस. मी घरी राहिले. आई आजारी पडली तेव्हा तिला मी उचललं, बाबा गेले तेव्हा त्यांचे डोळे मी मिटले. त्याचं मला काही नाही. डोळे तुझे चांगले होते, माझे नव्हते, त्यात कुणाचा दोष? पण आता तू म्हणतेस मुलगीही दे. तुला मूल नाही याचं मला वाईट वाटतं. पण माझ्याकडे एकच आहे.

तुझ्या डॉक्टराचे डोळे कुठल्या रंगाचे होते, ते तू लिहिलं नाहीस.

जुलैपर्यंत शाळा, पुढे नाही. यावर आता पत्र नको.

अल्विना

*

सांता मारिया
२१ जून १९८७

प्रिय अल्विना,

तू पत्र नको म्हणालीस, तरी लिहिते आहे. हे शेवटचं असलं तरी चालेल, पण हे पूर्ण ऐक.

हे पत्र तुला झेनीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मी चार दिवस थांबले. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे तुझ्यापर्यंत जावं का, याचा विचार करत राहिले. पाद्र्यांच्या नावे पाठवावं, ते वाचून दाखवतील, असंही मनात आलं. मग वाटलं, यात खरा प्रश्न झेनीचा आहे, तिलाच का नको? म्हणून झेनी, आधी तुला सांगते. हे सगळं वाच. कुठलीही ओळ गाळू नकोस. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांब, पण मग पुढचं वाच.

अल्विना, १९५५ सालची कॉफी खळ्यावर पसरली होती. पाद्री आदल्या दिवशी येऊन सांगून गेले होते की व्हितोरियाच्या वसतिगृहात एका मुलीची जागा आहे, राहून शिकेल, शिक्षिका होईल. घरात दोन मुली. तू चौदाची, मी बाराची. तू तीन वर्षं आधीच शाळा सोडली होतीस, तरी पाद्री म्हणाले होते, “मोठी हुशार आहे, तिचंही बघा.” हे तुला ठाऊक होतं का? मी दाराआडून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबांनी आपल्याला खळ्यावर उभं केलं. हातात गीतपुस्तक दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, जे डोळे उन्हात टिकतात तेच पुस्तकात टिकतात. आधी तुझी पाळी. तू पुस्तक धरलंस, दोन शब्द वाचलेस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पांढरं ऊन, पांढरा कागद. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, “बाबा, नाही दिसत.” मग पुस्तक माझ्या हातात आलं. कापणीचं ते लांबलचक आभारगीत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एकदाही अडखळले नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “कॉफीचे डोळे आहेत. टिकतील.” आई म्हणाली, “आजीची इटालियन नजर आलीय तिला.” तिथेच ठरलं.

मला दिसत नव्हतं, अल्विना. मलाही एक अक्षर दिसत नव्हतं. पान नुसतं पांढरं होतं, मी डोळे उघडे ठेवले होते एवढंच. ते गीत मला पाठ होतं.

त्या खळ्यावर त्या वेळी कुणालाच वाचता आलं नसतं. निळ्या डोळ्यांना नाही, तपकिरी डोळ्यांना नाही, पाद्र्यांनाही नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी लवकर आलं एवढाच आपल्यात फरक होता. आणि दुसरा फरक असा की तू खरं बोललीस.

लहान होते, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मी विसाव्या वर्षी लहान नव्हते. कॉलेजात होते तेव्हा नव्हते. वर्गात पहिल्यांदा एका मुलीला मागच्या बाकावरून पुढे बसवलं आणि ती फळा वाचायला लागली, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्याच वर्षी तू बेर्तोल्दोबरोबर ट्रकच्या मागे सामानावर बसून गेलीस. मी हात हलवत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. तू डोळ्यांवर हात धरून बघत होतीस. तेवढ्या लांबून मी तुला दिसले नसेन.

तुझे डोळे कधी वाईट नव्हतेच. तुला चष्मा हवा होता. तुला कुणी तो लावून पाहिला नाही, कारण सगळे तुझ्या डोळ्यांचा रंग बघत बसले. मीही.

झेनीला माझ्याकडे पाठव असं मी आता म्हणत नाही. तू बरोबर बोललीस, तो माझा हावरटपणा होता. तिला तुझ्याकडेच राहू दे. फक्त एकदा तुमच्या जवळच्या काकोआलला ने, तिथे डोळे तपासणारा डॉक्टर येतो असं मी चौकशी करून जाणून घेतलंय. खळ्यावरच्या परीक्षेवरून अजून एका मुलीचं ठरवू नकोस. ती परीक्षा खोटी होती. मीच खोटी केली होती.

उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

हुल्दा

*

एस्पिगाओ
९ ऑगस्ट १९८७

हुल्दा

हे मी स्वतः लिहिते आहे. झेनी नाही. अक्षर मोठं आहे. चुका आहेत. तू मास्तरीण आहेस, लाल शाई काढू नकोस.

पत्र झेनीने वाचलं. गाळलं नाही. ट्रकच्या ठिकाणी थांबली. पाणी प्याली. मग पुढचं वाचलं. संपल्यावर मला म्हणाली, “आई, आता काय लिहू?” मी म्हटलं, काही नाही, जा, कपडे वाळत घाल. उत्तराला पाच आठवडे लागले. बेर्तोल्दो म्हणाला, “तुझ्या बहिणीने पत्रात काय विष घातलं?” मी म्हटलं, “जुनं आहे, आता लागत नाही.” पण लागलं.

आता माझं ऐक.

मला ठाऊक होतं.

कापणीचं गीत दोन पानांवर होतं. तिसरं कडवं पान उलटल्यावर होतं. तू पान उलटलं नाहीस. बाबा पुस्तकाकडे बघतच नव्हते. ते तुझ्या डोळ्यांकडे बघत होते, पाणी येतं का ते. आई बाबांकडे बघत होती. मी पुसलेल्या डोळ्यांनी तुझ्या हाताकडे बघत होते. तो हललाच नाही.

ते गीत तुला मीच शिकवलं होतं. भांडी घासताना. मलाही सगळं पाठ होतं. पण मला सुचलंच नाही. बाबा म्हणाले वाच, तर मी वाचायला बघत होते. तू म्हणायला लागलीस तेव्हा सुचलं. तोवर माझी पाळी होऊन गेली होती.

तेव्हा का बोलले नाही? मला वाटायचं, बोलले असते तर तुला मार बसला असता आणि जागा दुसऱ्याच घरी गेली असती, मग दोघीही घरी. हे मी तेव्हा ठरवलं की पुढे कधी बनवलं, आता आठवत नाही. तू शिकून आलीस की माझ्या मनात एक असायचं, हिचं एक गुपित माझ्यापाशी आहे. कपाटात काही जपून ठेवावं तसं. मग तू कधी सांगतेस याची वाट बघायला लागले. तू सुट्टीला घरी आलीस की वाटायचं, या वेळी सांगेल. माझ्या लग्नात वाटलं. ट्रक निघाला तेव्हा वाटलं. तू म्हणतेस मला दिसलं नसेल. तुझं तोंड दिसलं नाही, ते खरं. पण निळा झगा होता आणि तू हात हलवत होतीस, ते दिसलं. इथे आल्यावर प्रत्येक पत्र झेनीच्या हातून घेताना वाटायचं. झेनीच्या आधी बेर्तोल्दोच्या हातून. बत्तीस वर्षं.

माफ केलं असं लिहीत नाही. ते लिहून होत नाही. पण वाट बघणं संपलं. ते फार जड होतं, हे ते संपल्यावर कळलं.

आता झेनीचं. गुपित माझ्याकडे होतं तरी डोळ्यांचं मी खरंच मानत होते. हे तुला विचित्र वाटेल. तू खोटं वाचलंस हे ठाऊक होतं, पण मला दिसलं नाही हेही खरंच होतं ना? तुलाही दिसत नव्हतं, हे मात्र तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं, तुला दिसत असणारच, तू आळसाने पाठ म्हटलंस. कॉफीचे डोळे म्हणजे कॉफीचे डोळे. म्हणून मी झेनीला काढत होते. यात माझा हात होता, तुझा नाही.

जुलैच्या शेवटी बेर्तोल्दो आम्हाला काकोआलला घेऊन गेला. डॉक्टर तरणा होता. त्याने झेनीला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ती म्हणाली, “कुठली भिंत?” डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही. मग एकेक काच बदलत गेला आणि ती वाचत गेली. शेवटची ओळ वाचून झाल्यावर पायाशी छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मी विचारलं, “डॉक्टर, डोळे पाण्याचे आहेत, काचेने अजून बिघडणार नाहीत ना?” तो म्हणाला, “काकू, उन्हात मोठी टोपी द्या. रंगाचं काम तिथे संपलं. बाकी सगळं काचेचं काम आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बसा, तुमचेही बघू.” मी नको म्हटलं. बेर्तोल्दो म्हणाला, “बस गं, तू मला नीट बघायची वेळ आलीय.” बसले.

झेनी तीन ऑगस्टपासून शाळेत आहे. चष्मा आणि टोपी. पोरं हसली. तिने एकाला मारलं. बाईंनी चिठ्ठी पाठवली. ती चिठ्ठी मी वाचली. स्वतः.

तुझी सगळी जुनी पत्रं काढून वाचते आहे. रोज एक. बेर्तोल्दो वाचायचा तेव्हा बरंच गाळायचा, हे आता कळतंय. झेनी नाही गाळायची. फक्त तुझ्या मेच्या पत्रात ‘मागची खोली रिकामी आहे’ हे तिने दोनदा वाचलं होतं. तिलाही कुठेतरी जावंसं वाटत असेल. मोठी झाली की जाईल. तुझ्याकडे आली तर मला चालेल. पण आता नाही.

एक विचारते. खरं सांग. मेच्या पत्रात तू शाळेच्या कामाने व्हितोरियाला गेलीस आणि डोळ्यांच्या डॉक्टरला विचारलंस, असं लिहिलंयस. आज मी ते स्वतः वाचलं. शाळेच्या कामाला गेलेली बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला जाईल? आणि नऊ महिने हात का थांबत होता?

आणि ये. मुलीला न्यायला नको. मला बघायला ये. आता चष्म्यातून मलाही तू दिसशील.

अल्विना

*

सांता मारिया
२ सप्टेंबर १९८७

प्रिय अल्विना,

तुझं पत्र मी शाळेत उघडलं, ही चूक झाली. अक्षर बघूनच मला कळलं की कुणाचं आहे. तासाची घंटा झाली तरी मी तशीच बसून होते. मुलांनी वाट बघितली, मग आपापसात खेळायला लागली. मी त्यांना गप्प केलं नाही.

पान उलटायचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी ते गीत मनात किती वेळा म्हटलं असेल, प्रत्येक वेळी माझी चूक कुठे होती ते शोधलं असेल, पण हात कुठे होता ते कधी बघितलं नाही. आणि तू तेवढंच बघितलं होतंस.

तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगते. गेल्या वर्षी जुलैपासून मला जिन्याची कडा दिसेनाशी झाली. वर्गात उजवीकडच्या रांगेतली मुलं हात वर करत आणि मला ती दिसत नसत. ती म्हणायची, बाई आमच्याकडे बघत नाहीत. आधी मी त्यांना रागावले, मग व्हितोरियाला गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांतला दाब वाढला आहे, कडेची नजर बरीच गेली आहे, ती परत येणार नाही. थेंब टाकत राहिले तर समोरची टिकेल, बराच काळ. मी त्यांना काय विचारलं असेल? मी विचारलं, “पण माझे डोळे तपकिरी आहेत ना?” मी, कॉलेजात शिकलेली. मग मी त्यांना आपल्या डोंगरातल्या समजुतीचं विचारलं, आणि ‘आमच्याकडे मानतात’ असं म्हणून स्वतःला त्यातून बाजूला काढलं.

म्हणून हात थांबत होता. ‘प्रिय अल्विना’ लिहिल्यावर पुढे काय लिहायचं? ज्या डोळ्यांच्या जोरावर मी तुझी जागा घेतली, ते चालले आहेत, असं? ते वाचून तुला दया आली असती. दया यावी म्हणून मी सांगते आहे, असं मला वाटलं असतं. जूनच्या पत्रातही मी ते मुद्दाम घातलं नाही. मला खळ्यावरच्या गोष्टीचं उत्तर हवं होतं, आजारपणाचं नको होतं. हा प्रामाणिकपणा होता की गर्व, ते तू ठरव. मी फार दिवस ठरवते आहे, जमत नाही.

आंधळी होणार नाही, घाबरू नकोस. वाचते, लिहिते, फळ्यावर लिहिते. उजव्या रांगेतल्या मुलांना मी आता मध्ये बसवते.

मी येते. शाळेकडे तीन आठवड्यांची रजा मागितली होती, ती काल मंजूर झाली. मुख्याध्यापक म्हणाले, “तेरा वर्षांत एकदाही रजा घेतली नाहीत, आता कुठे निघालात?” मी म्हटलं, “बहिणीला बघायला.” तीन दिवसांची गाडी आहे. तिथे धुराचे दिवस असतील, चालेल. झेनीला सांग, मी तिला न्यायला येत नाही, पण तिने मारलेल्या मुलाची हकीकत मला तिच्या तोंडून ऐकायची आहे. बेर्तोल्दोला सांग, मी त्याला रागावणार नाही, फक्त त्याने कुठलं पत्र किती गाळलं ते विचारणार आहे.

एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुला लागणार नाही. मी गाडीतून उतरेन तेव्हा तू बाजूला उभी असलीस तर मी तुला न बघता पुढे निघून जाईन. ते मुद्दाम नसेल. तू समोर उभी राहा. घरी बसलो की माझ्या शेजारी बसू नकोस, समोर बस, खिडकीकडे पाठ करून. तुझ्या डोळ्यांवर ऊन यायचं नाही आणि मला तू पूर्ण दिसशील.

तुझी,
हुल्दा

(हुल्दाच्या वहीत, त्याच रात्री) उद्या: सकाळच्या गाडीने व्हितोरियाला जाऊन काकोआलचं तिकीट काढणे.